मडक्यातली लस

वांकुरूमावशीला कुत्रा चावला तेव्हा तिला वाचवायला थोड्याशा सुया पुरल्या असत्या. त्या तालुक्याच्या इस्पितळात होत्या, मोटरसायकलवर दोन तास. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी नशिबाच्या गोष्टी ऐकवू नयेत.

मी काबुला. गुरांची डॉक्टर, पण जीव अडकला रानकुत्र्यांत. सेरेंगेतीच्या कडेला, कितुंगुरा गावामागच्या टेकड्यांत त्यांचा एक कळप होता, एकवीस जणांचा. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके मला पाठ होते. गावातल्या कुत्र्यांकडून त्यांच्यात रेबीज शिरला आणि अकरा दिवसांत कळप संपला. शेवटची मादी मी माझ्या हातांनी पुरली. त्याच दिवशी ठरवलं की आता गावात एकही कुत्रं लसीवाचून ठेवायचं नाही. पण लस थंड ठेवावी लागते आणि कितुंगुरात वीज नाही.

म्हणून उरिओ आला. तो दार एस सलामच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि त्याला विजेवाचून गार राहणारी लसपेटी करायची होती. एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू, आत लस. कल्पना जुनीच, पण त्याची मडकी एक तर गळायची नाहीतर कोरडी राहायची. सहा महिने त्याने प्रयोगशाळेत मडकी भाजली आणि सगळी फोडली. शेवटी मी त्याला वांकुरूमावशीकडे नेलं. पन्नाशीची बाई, हात कोपरापर्यंत कायम मातीचे. तिने त्याच्या मडक्याला नखाने टिचकी मारून पाहिली.

"याला घाम येत नाही," ती म्हणाली. "साहेब, तुमचं मडकं बंद नाकाचं आहे."

"मग काय घालू मातीत?"

"आधी माती चाळायला शिका. चाळणी कशी धरता ते बघूनच मला कळलं."

ती बाजरीचा कोंडा दळून मातीत मिसळायची. भट्टीत कोंडा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. उरिओने तिच्या मडक्याचे तुकडे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातले, छिद्रं मोजली आणि परत येऊन तिला वाकून नमस्कार केला. तेव्हापासून ती गावात त्याला "माझा विद्यार्थी" म्हणायची आणि तो ऐकून घ्यायचा. तिच्या मडक्यांत लस कडक उन्हातही आठवडेच्या आठवडे हवी तेवढी गार राहत होती. मग आम्ही मोठी चाचणी मांडली. आसपासच्या अर्ध्या गावांतल्या कुत्र्यांना फ्रीजमधली लस, उरलेल्या गावांतल्यांना मडक्यातली, आणि नंतर दोन्हीकडच्या कुत्र्यांचं रक्त तपासायचं. कितुंगुराच्या वाट्याला मडकी आली. वांकुरूमावशीने वाटपाच्या दिवशी नवं रंगीत कापड नेसलं होतं.

लोक मात्र कुत्री आणत नव्हते. तिथे मी शहाणपण केलं. लस टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात नंबराचा निळा पट्टा बांधायचा आणि पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की मारायचं, असा हुकूम मी वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडून काढून घेतला. दोन दिवसांत मैदानावर कुत्र्यांची रांग लागली. लस टोचलेल्या कुत्र्यांचा तो आकडा मी तीन परिषदांत मिरवला.

ऑक्टोबरच्या एका सकाळी दवाखान्यासमोर माझी गाडी उभी होती. आत सिस्टर वेगेसा मावशीचा हात साबणाने धूत होती. मनगटाच्या वर दातांच्या चार खुणा होत्या.

"मुनिकोच्या घरचं कुत्रं," मावशी म्हणाली. "मी माती घेऊन येत होते, वाटेत धावून आलं. पोरांनी तिथल्या तिथे ठेचलं."

वेगेसा माझ्याकडे वळली. "डॉक्टर, मी हिला तालुक्याला पाठवते. आत्ता निघाली तर दुपारी पहिली सुई मिळेल."

"मी नाही जाणार," मावशी म्हणाली. "त्याच्या गळ्यात निळा पट्टा होता."

"मावशी, पट्टा असला तरी..." वेगेसा म्हणाली.

"असला तरी काय? माझ्या मडक्यातली लस आहे ती. आणि मीच पळत गेले सुई घ्यायला तर लोक काय म्हणतील? कुंभारणीचाच मडक्यावर भरवसा नाही. उद्या एक बाई कुत्रं घेऊन येणार नाही, सांगून ठेवते."

"लोकांचं जाऊ दे गं. हात तुझा आहे."

"म्हणून तर म्हणते. हातही माझा, मडकंही माझंच."

वेगेसा हसली नाही. ती पुन्हा मला म्हणाली, "तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल ती."

कुत्रं कुठलं, किती वयाचं, कुठल्या नंबराचं, हे सगळं माझ्या वहीत होतं. वही गाडीत होती, दहा पावलांवर. मेलेल्या कुत्र्याचं डोकं रेबीज तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचं असतं, हे मी स्वतः शिकवते. मला ते सगळं आठवलं. त्याबरोबर हेही आठवलं की दोन महिन्यांनी कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे आहेत, आणि मावशी म्हणते तसं झालं तर एकही दार उघडणार नाही. मावशीचं म्हणणं माझ्या सोयीचं होतं. मी म्हणाले, "पट्टा होता ना? मग काळजीचं कारण नाही. जखम स्वच्छ ठेव."

मावशीने वेगेसाकडे पाहून भुवया उडवल्या आणि ती घरी गेली.

पाच आठवड्यांनी तिच्या त्या हाताला मुंग्या यायला लागल्या. दोन दिवसांनी तिने चहाचा पेला तोंडाशी नेला आणि फेकून दिला. तिचा नवरा तिला तालुक्याला घेऊन गेला. वेगेसाचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर, तुमची मावशी पाणी पीत नाही." मी शिकलेली बाई आहे. याच्यापुढे उपाय नसतो हे मला ठाऊक होतं.

मी इस्पितळात न जाता आधी मुनिकोकडे गेले. मला तोंड दाखवायची भीती वाटत होती, आणि मडकं फसलं की काय हेही कळायला हवं होतं. अंगणात एक तांबूस पिल्लू बांधलेलं होतं, त्याच्या गळ्यात निळा पट्टा. मी नंबर वाचला आणि वही उघडली. त्या नंबरापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: नर, काळपट, म्हातारा, डावा कान फाटलेला.

"हा पट्टा म्हाताऱ्याचा ना?" मी मुनिकोला विचारलं.

"हो. त्याला जुलैत बिबट्याने नेलं. पट्टा कुंपणाशी पडला होता."

"मग?"

"मग दुसरं आणलं, त्याला घातला. ते मावशीला चावलं, पोरांनी मारलं. आता हे आणलंय." तो माझ्याकडे बघत राहिला. "पट्टा नसला तर तुमची माणसं मारतात ना, बाई. कुत्र्याशिवाय बकऱ्या कोण राखणार? गावात सगळे असंच करतात. पट्टा काय, घराचा असतो."

त्याने कुणाला फसवलं नव्हतं. मी दिलेल्या पट्ट्याचा मीच ठरवलेला उपयोग तो करत होता. त्या दिवशी मी आणखी अकरा घरं फिरले आणि चार पट्टे भलत्याच कुत्र्यांच्या गळ्यात सापडले.

उरिओला फोन केला. त्याने सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडला. "म्हणजे मडक्याचा दोष नाही," तो म्हणाला. मग स्वतःचेच शब्द ऐकून रडायला लागला. मी फोन ठेवला. त्याचा राग आला होता, कारण माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.

इस्पितळात तिला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं होतं, खिडकीला चादर लावून. अधूनमधून ती शुद्धीवर असायची. मी गेले तेव्हा होती. ओठ फुटले होते, पण नजर नेहमीची होती.

"माझं मडकं फुसकं निघालं का गं?" तिने विचारलं.

"नाही मावशी. मडकं चांगलं आहे. त्या कुत्र्याला लस टोचलेलीच नव्हती. पट्टा दुसऱ्या कुत्र्याचा होता."

श्वास घेताना तिचा गळा आवळला जात होता.

"हे आज कळलं तुला?"

"आज."

"त्या दिवशी कळलं असतं का?"

खोटं बोलता आलं असतं. तिला पडताळून पाहायला वेळ नव्हता. "कळलं असतं," मी म्हणाले. "वही गाडीत होती."

"मग बघितली का नाहीस?"

"तू म्हणालीस ना, सुई घेतली तर लोकांचा मडक्यावरचा भरवसा जाईल. मलाही तो जायला नको होता."

"मी म्हणणारच," ती म्हणाली. "मी कुंभारीण आहे. माझ्या मडक्याला मी नाही चांगलं म्हणणार तर कोण म्हणेल? तू डॉक्टर होतीस ना पोरी?"

मी तिचा पाय धरला. तिने काढून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "लोकांना सांग मडकं चांगलं होतं. आणि तुझंही सांग. अर्धं सांगू नकोस."

मग नर्सने शेजारच्या खोलीत नळ सोडला, आणि त्या आवाजाने तिला जे झालं ते मी लिहिणार नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

रक्ताचे नमुने नंतर घेतले, वहीशी जुळणाऱ्या कुत्र्यांचेच. मडक्यातली लस फ्रीजमधल्या लसीला तोडीस तोड ठरली. आमचा शोधनिबंध छापून येईल तेव्हा त्यात मडक्यामुळे झालेलं नुकसान शून्य असेल, आणि ते खरंच असेल.

तिला तिच्याच अंगणात, भट्टीपासून थोड्या अंतरावर पुरलं. प्रार्थना झाल्यावर मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. मडकं, पट्टा, हुकूम कुणी काढला, वही कुठे होती, वेगेसा काय म्हणत होती आणि मी काय म्हणाले. एवढी माणसं होती, कुणी शिवी दिली नाही. मी वाट बघत होते, कुणीतरी द्यावी म्हणून.

तिची थोरली लेक फावडं घेऊन उभी होती.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

"झालं."

"मग बाजूला व्हा. माती लोटायची आहे."