लमार टेंपलचा आवाज

इस्मे लॉकहार्ट गुरुवारपासून एक शब्द बोलली नव्हती, आणि गप्प बसणं हा काही तिचा स्वभाव नव्हे. मंगळवारी सकाळी तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. बोलता येईल, त्याची काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. गाण्याचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तेव्हा उरलासुरला आवाज तिने रविवारसाठी राखून ठेवला होता, आणि थोरल्या बहिणीशी जे काही भांडायचं ते बसच्या तिकिटांच्या कोऱ्या रोलवर लिहून भांडत होती. शनिवार संध्याकाळपर्यंत अर्धा रोल कोरीनच्या स्वयंपाकघरात फाटून पडला होता.

आता आवाज म्हणजे केवढा, ते सांगायला हवं. इस्मे हडर्सफील्डच्या बसवर कंडक्टर होती. वरच्या मजल्यावर दंगा घालणारी पोरं जिन्यातून तिचं "तिकीट घ्या" ऐकू आलं की सरळ होऊन बसत, कारण त्यांना वाटे, कुणी सहा फुटी बाप्या वर येतोय. मग जिन्यातून पाच फुटांची इस्मे उगवली की ओशाळून खिसे चाचपत. फोनवर लोक तिला हटकून 'सर' म्हणत. चौदाव्या वर्षी वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावरून बोटीने इंग्लंडला आली तेव्हाही आवाज तेवढाच खोल होता. पहिल्याच रविवारी कोरीनने तिला दंडाला धरून चर्चच्या गाणाऱ्यांत मागच्या रांगेत, पुरुषांच्या मध्ये नेऊन उभं केलं. कोरीनची जागा पुढच्या रांगेत. तिचा आवाज बारीक, स्वच्छ आणि तिसऱ्या बाकापलीकडे न पोचणारा. धाकटीच्या आवाजाची तिला लाज वाटायची, आणि ही गोष्ट घरात कुणी कधी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होती.

गाण्याचा धंदा इस्मेने केला तो जेमतेम तीन वर्षं. सन पासष्टमध्ये लंडनच्या एका छोट्या कंपनीने तिची एकच रेकॉर्ड काढली. मागच्या दाराच्या पायरीवर बसून परत न येणाऱ्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. कंपनीवाल्यांना हा आवाज बाईचा आहे हे लोकांना कसं सांगावं कळेना, म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. लेबलवर नुसतं 'आय. लॉकहार्ट' छापलं आणि फोटो दिला नाही. रेडिओवर ती एकदाच लागली. निवेदक म्हणाला, हा गृहस्थ कोण आहे माहीत नाही, पण गातो छान. त्यानंतर ती उत्तरेतल्या कामगार क्लबांतून गात हिंडली. तिथे बिंगोचे आकडे सुरू झाले की गाणाऱ्याने आपण होऊन गप्प बसायचं असतं, आणि लोकांना नाही आवडलं तर सेक्रेटरी मधल्या वेळेतच पैसे हातात देऊन मागच्या दाराने वाटेला लावतो. बार्नस्लीत एका सेक्रेटरीने तिला, बाई असल्याचं आधी सांगायचं होतंत, म्हणून वाटेला लावलं. त्या दिवसापासून ती बसवर.

आणि रेकॉर्ड निघाल्यावर बारा वर्षांनी, गेल्या बुधवारी, वरच्या मजल्यावरून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

पिशव्यांवर बिल्ले शिवलेली दोन पोरं कॅसेट लावून बसली होती. इस्मे जिन्याच्या मध्यावर थांबली ती दोन थांबे गेले तरी हलली नाही. ड्रायव्हर खालून घंटी दे म्हणून ओरडत होता. हा कोण गातोय, असं तिने पोरांना विचारलं. कीव करावी तसं बघत त्यांनी सांगितलं, लमार टेंपल, डेट्रॉइटचा. वारला बिचारा, कुणीतरी गोळी घातली. जगात ही रेकॉर्ड एकाच माणसाकडे आहे, ओल्डमच्या क्लाइव्हकडे. तो रविवारी दिवसभराच्या नाचात बरोबर चार वाजता ती लावतो, ही कॅसेट तिथेच भरलेली, आणि तेवढ्या तीन मिनिटांसाठी लोक ग्लासगोहून येतात.

"ती मी आहे," इस्मे म्हणाली.

पोरं हसली. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. गणवेशातली एक कंडक्टर बाई, आपण मेलेला अमेरिकन पुरुष आहोत, असं सांगत होती.

रविवारी चर्च बुडवायला कोरीन तयार नव्हती. तिने सगळी कारणं सांगून पाहिली. गळ्याला त्रास होईल, लोक हसतील, बारा वर्षांपूर्वीच्या गोष्टी उकरून काय मिळणार आहे. इस्मेने रोलवर लिहिलं, 'मंगळवारनंतर मी सांगितलं तर कोण मानेल? सिद्ध कशाने करू?' कोरीनने ते दोनदा वाचलं, चुरगाळलं, आणि तळलेले मासे डब्यात भरायला घेतले. डोंगरावरून जाणाऱ्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. इस्मे तिकीट काढून बसली असूनही दर थांब्याला उठून उभी राहत होती. कोरीनने शेवटी तिच्या कोटाचं टोक मुठीत धरून ठेवलं.

ओल्डमच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता पडदे ओढून अंधार केलेला. घाम, उसाचा पाक घातल्यासारखी गोड अत्तरं आणि पावडर यांचा वास कोंडलेला. पोरं जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडत होती, पाय सहज सरकावेत म्हणून, आणि रुंद घोळाच्या पँटी फिरवत एकेकटी नाचत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कोरीन चर्चच्या हॅटमध्ये दाराशी एका खुर्चीवर टेकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. तिच्याकडेही कुणी बघितलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

क्लाइव्ह ऑर्मरॉड सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लांब मानेचा पोरगा. आठवडाभर गॅस कंपनीत बिलं लिहायचा, रविवारी स्टेजच्या कडेला उभा राहून राज्य करायचा. इस्मे त्याच्या पेट्यांपाशी जाऊन उभी राहिली. पेटीत सगळ्यात पुढे एक रेकॉर्ड होती, तिच्या लेबलवर पांढरा कागद डकवलेला, त्यावर बॉलपेनने 'लमार टेंपल'. नाचाच्या हॉलांमधली ही जुनी रीत. चांगली रेकॉर्ड हाती लागली की खरं नाव झाकायचं आणि मनाने एक ठोकून द्यायचं, म्हणजे दुसऱ्या हॉलवाल्याला ती शोधता येत नाही.

"लेबलावर आय. लॉकहार्ट आहे," इस्मे म्हणाली. चार दिवसांतलं तिचं पहिलंच वाक्य.

क्लाइव्हचा हात पेटीवरच राहिला. त्याने ओळखलं. ज्या आवाजावर तो दर रविवारी जगत होता तोच त्याच्याशी बोलत होता, न ओळखून करतो काय. त्याने तिला पडद्यामागे नेलं आणि घाईघाईने, हात जोडायचेच बाकी ठेवून, सगळं सांगितलं. ती रेकॉर्ड त्याला बाजारात एका खोक्यात मिळाली होती. गाणारा काळा अमेरिकन पुरुष असणार, असं त्याला खरंच वाटलं होतं, फक्त नाव त्याने बनवलं. गोळीचं त्याने सांगितलेलं नाही, ते लोकांनी आपसांत वाढवलं. आज हॉलमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनचे दोन रेकॉर्डवाले कान टवकारून बसलेत. खरं नाव फुटलं तर महिनाभरात ती रेकॉर्ड सगळ्यांकडे असेल, आणि मग त्याच्याकडे कोण येणार?

"सप्टेंबरात ब्लॅकपूलचा मोठा नाच आहे. तो होऊ द्या, बाई. मग मी स्वतः तुम्हाला स्टेजवर उभं करतो. दिवे लावून. शपथ."

"मंगळवारी माझा गळा कापणार आहेत."

क्लाइव्हने मान खाली घातली. वाईट वाटलं त्याला, खोटं नाही. "आज नाही जमणार," तो म्हणाला, आणि पडदा सारून बाहेर गेला.

इस्मेने पडद्यामागे तीन येरझाऱ्या घातल्या. बार्नस्लीचा सेक्रेटरी निदान तोंडावर खोटं बोलला नव्हता. हा सभ्य पोरगा तिला मेलेलीच ठेवणार होता, तेही शपथ घेऊन. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि राग आला की तिला उभं राहवत नसे. ती पायऱ्या उतरून थेट नाचणाऱ्यांमध्ये गेली. कोरीनने लांबून हाताने नको नको केलं ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चार वाजले. क्लाइव्हने माइकवर नाव पुकारलं, डेट्रॉइटचा, आपल्यात नसलेला. हॉलभर एक हुंकार उठला आणि भिंतीला टेकलेले सगळे मधे आले. ढोल सुरू झाला, त्यावर पितळी वाद्यं, आणि मग वरच्या कर्ण्यांतून तेवीस वर्षांची इस्मे गाऊ लागली.

पस्तीस वर्षांची इस्मे खालून तिच्याबरोबर गाऊ लागली.

पहिल्या ओळीला आवाज खरखरला. शेजारच्या पोराने त्रासून म्हटलं, "बाई, रेकॉर्ड ऐकू द्या की." दुसऱ्या ओळीला गळ्यातलं काहीतरी मोकळं झालं. तो पोरगा गिरकी घेता घेता थांबला, वर कर्ण्याकडे बघितलं, खाली तिच्याकडे बघितलं. मग त्याच्या शेजारची मुलगी थांबली. नाचात माणसं थांबणं म्हणजे तिथे एरवी कुणी पडलंय असाच अर्थ, म्हणून लोक सरकले आणि तिच्याभोवती जागा झाली. एकच आवाज दोन ठिकाणांहून येत होता. खालचा जरा जड होता, जरा फाटका, आणि ओढ घ्यायच्या जागा त्याच होत्या, श्वास घ्यायच्याही.

क्लाइव्हने कर्णे मोठे केले. ती अजून मोठ्याने गायली. तेव्हा तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. सुई उचलली.

ढोल गेला, वाद्यं गेली. आवाज गेला नाही.

हॉलमध्ये पाचशे माणसं आणि एक बाई गातेय. क्लाइव्हच्या हातात दुसरी रेकॉर्ड तयार होती, पण ती त्याने लावली नाही. गाण्यात जिथे सगळे मिळून एक टाळी देतात ती जागा आली, आणि पाचशे जणांनी सवयीने दिली. पुढच्या जागेलाही दिली. मग पाय चालू झाले. पावडरीवर घासणाऱ्या तळव्यांचा तेवढा ठेका तिला मिळाला, आणि तिला तेवढाच हवा होता.

रेकॉर्डवर ते गाणं संपत नाही. तिसऱ्या कडव्यानंतर हळूहळू बुडत जातं आणि पुढचं लावायची वेळ होते. ते पुढे कसं जातं हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. लंडनला रेकॉर्डिंगच्या दिवशी इस्मे पुढेही गात राहिली होती, डोळे मिटून, आणि काचेपलीकडच्या माणसाने बटण फिरवून तिला कधीच पुसून टाकलं होतं. आता ती त्या जागेपाशी आली. नाचणाऱ्यांचे पाय मंदावले, कारण त्यांच्या मते गाणं झालं होतं. ती थांबली नाही. बाई पायरीवरून उठते, घरात जाते, दाराला कडी घालते. तो आला तर आला. कडीच्या शब्दावर सूर खाली उतरतो, मग आणखी खाली, जिथे बाईचा आवाज जातो असं कुणी मानत नाही तिथे, आणि तिथेच बसतो. तिने तो बसवला. पूर्ण वेळ धरला आणि सोडला.

टाळी कुठे द्यायची ते कुणाला कळेना. वुल्व्हरहॅम्प्टनचे दोघे कुठल्याशा चिठ्ठीवर लिहायला पेन काढून उभे होते आणि लिहीत नव्हते. पहिल्यापासून शेजारी असलेली मुलगी जवळ आली. तिचं तोंड ओलं होतं, घामाने की कशाने कोण जाणे.

"कोण आहात हो तुम्ही?" तिने विचारलं. "नाव काय?"

इस्मेने तोंड उघडलं. हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला, मानेवरची शीर फुगली, आणि नुसती हवाच आली. जे होतं ते सगळं शेवटच्या सुरात गेलं होतं. तिने छातीवर हात ठेवून दाखवलं, मी, मी. मुलीला कळेना. मागचे लोक विचारू लागले, काय म्हणतेय, कोण आहे. इस्मेला वाटलं, झालं, आता पुन्हा कुणीतरी मनाने नाव ठेवेल.

तेवढ्यात दाराकडून गर्दी हलली. कोरीन येत होती. हॅट वाकडी झालेली, माशांचा डबा काखेत, माफ करा, माफ करा म्हणत धक्के मारत. ती धाकटीजवळ पोचली, तिचा दंड धरला, आणि चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभी राहते तशी ताठ उभी राहिली.

"इस्मे लॉकहार्ट," ती म्हणाली. "हडर्सफील्डची. माझी सख्खी बहीण आहे ही."

तिचा आवाज बारीक. मागच्यांना ऐकू गेला नाही, ते ओरडून विचारू लागले. कोरीनने डबा इस्मेच्या हातात दिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पुन्हा सांगितलं, आणि तरी मागून विचारणं थांबेना तेव्हा पुन्हा एकदा.