आधी फोन करायची घरं

स्टोअरकीपरने तीस वर्षांत एकही नोंद अर्धवट ठेवली नव्हती. आलेला खिळा आवकेत, गेलेला जावकेत, आणि दोन्हीकडे न सापडणारा खिळा हाती लागेपर्यंत तो जेवणाचा डबा उघडत नसे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्याला सगळे स्टोअरकीपरच म्हणत. घरातही चपलांची जागा ठरलेली. एखादी चप्पल इकडेतिकडे दिसली की बायको म्हणायची, "आज माल फुटला वाटतं." तिला जाऊन आठ महिने झाले होते, आणि ही एक नोंद त्याने एका ठिकाणी केलीच नव्हती.

शनिवारी मुलगी आली ती चार कंपन्यांची चार पत्रकं घेऊन. वीज आता आपल्या पसंतीच्या कंपनीकडून घ्यायची सोय झाली होती. तारा त्याच, खांब तेच, दिवाही तोच. बिलाच्या डोक्यावरचं नाव तेवढं बदलायचं.

"आणि नाहीच निवडलं तर?" त्याने विचारलं.

"तर आहात तिथेच, आपल्या विजेच्या सहकारी संस्थेत. झोपलेल्या सगळ्यांना तिथेच ठेवणार आहेत."

"मग मी झोपतो."

"बाबा, चष्मा लावा आणि ऐका."

तिने फॉर्म पुढे ओढला आणि भराभर भरायला घेतला. सहाव्या प्रश्नावर पेन थबकलं. घरात विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र आहे का? तिने 'नाही' लिहिलं. इतर अक्षरांपेक्षा थोडं बारीक. आईचं ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं होतं, ते तिनेच परत पाठवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. स्टोअरकीपरला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याच्या फोनमधलं बोलणं स्वयंपाकघरातल्या भांड्यांनाही कळत असे.

"काका, संस्थेतून बोलतेय. मंगळवारी दहा ते एक लाईन बंद. खांब बदलायचाय. पेटी चार्ज आहे ना?"

"फुल आहे."

"काकू कशा आहेत? या दमट हवेत त्रास होत असेल."

"आता त्रास नाही," तो म्हणाला. हे खरंच होतं, त्यामुळे आवाज हलला नाही.

"मी विचारलंय म्हणून सांगा हं."

"सांगतो."

फोन ठेवल्यावर तो पत्रकांच्या कडा जुळवू लागला. चारही कडा जुळल्या तरी मुलगी बघतच होती.

"बाबा, त्यांना माहीत नाही?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आत्ता तर विचारलं. मी ऐकलं की."

"'आहेत का' असं नाही विचारत. 'कशा आहेत' असं विचारतात."

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

संस्थेत एक यादी होती, आधी फोन करायच्या घरांची. ज्या घरात कुणाचा श्वास विजेवर आहे, तिथे लाईन बंद करण्याआधी फोन जायचा आणि सभासदाला वापरायला बॅटरीची एक पेटी मिळायची. बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी असाच फोन आला. घर माणसांनी भरलेलं. सवयीने तो बोलून गेला, पेटी फुल आहे. पुढच्या वेळी खरं सांगायचं, तर मागच्या वेळी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं.

"आणि मग मी त्या फोनची वाट बघायला लागलो," तो म्हणाला. "तुझी आई कशी आहे, हे दुसरं कोण विचारतं? तूसुद्धा नाही विचारत."

"मी कशी विचारू, बाबा?"

मुलीने नाक पुसलं आणि ती कामाला लागली. "हे बघा. कंपनी बदलली की सभासदत्व संपतं आणि यादीतून नाव आपोआप निघतं. कुणाला काही सांगायला नको. करा सही."

चारही पत्रकांत मिळून एवढी मोठी सवलत नव्हती. त्याने पेन घेतलं.

"पेटीचं काय?"

"पाठवून देऊ कुणाबरोबर तरी."

पेटी कॉटखाली होती, भिंतीतल्या प्लगला लावलेली. आठ महिने रोज सकाळी तो वाकून तिचा हिरवा दिवा बघायचा. आता त्याने ती बाहेर ओढली, धूळ पुसली आणि झाकणावरची चिठ्ठी वाचली. 'पेटी ४. एकूण ६.' अक्षरं काही आज उमटली नव्हती. पण आजवर ती बायकोची पेटी होती; आज तो गोदामातल्या मालाकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता. सहा नग. त्यातला एक त्याच्या कॉटखाली. म्हणजे कुणाला तरी खिडकीवरून 'शिल्लक नाही' असं ऐकून परत जावं लागलं असणार. ते दोन शब्द त्याने स्वतः आयुष्यभर लोकांना ऐकवले होते.

सही न करताच त्याने पेनाला टोपण लावलं.

सोमवारी तो पेटी उचलून संस्थेच्या कचेरीत गेला. आवाजावरून फोनवाली पंचविशीची वाटे. निघाली निवृत्तीला टेकलेली, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने तोंड उघडताच तिने ओळखलं.

"अगंबाई, काका. काकूंना एकटं सोडून आलात?"

"ती गेली."

"बाहेर जायला लागल्या? बरं झालं की."

तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "आठ महिने झाले," तो म्हणाला.

तिने चष्मा लावला, काढला. बराच वेळ खुर्चीकडे बोट दाखवायचंही तिला सुचलं नाही.

"मी पंधरा-सोळा वेळा तरी फोन केला असेन," ती हळूच म्हणाली.

"एकोणीस."

मग तिने वही उघडली. पेटीसाठी थांबलेल्यांची दोन नावं होती. वरचं खोडलेलं. कुणाची वही उलटी वाचणं ही स्टोअरकीपरची जुनी खोड.

"हे का खोडलंय?"

"त्यांनी स्वतःची विकत घेतली," ती म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

विकत घेतली असती तर तसा शेरा असता; नावापुढे शेऱ्याची जागा कोरी होती. कोरा शेरा त्याला वाचता येत होता. पण तिने पान हाताने झाकलं आणि त्याने पुढे विचारलं नाही. दुसऱ्या नावापुढे तिने 'पेटी ४' लिहिलं, आणि जमा रकान्यात त्याची सही घेतली. त्याच्या सहीचं शेपूट एरवी ओळीच्या आत थांबे. आज ते बाहेर गेलं.

"तुम्ही कुठल्या कंपनीत चाललात?" तिने विचारलं. "सगळे चाललेत."

"इथेच आहे."

"काका, यादीत नाव नाही राहणार पण."

"माहीत आहे."

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. फोन आला नव्हता. शेजारी कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, "तुमच्याकडेपण गेली का?"

"गेली," स्टोअरकीपर म्हणाला.