दोनशे समोसे आणि फ्रीझरभर बर्फ

फिजाने फ्रीझरचं झाकण ओढलं, तर ते अर्धंच उघडलं. आत बर्फाचा पांढराधोप डोंगर! वर बर्फ, खाली बर्फ, बाजूंना बर्फ. मधे उरली होती जेमतेम एक डबा सरकेल एवढी फट, आणि त्या फटीत मटणाची पिशवी अशी चिकटून बसली होती की जणू तिच्या बापाचंच घर.

"झालं," अम्मी ओट्याला टेकली. "पंधरा दिवसांपूर्वीच तर साफ केलेला. आता कशात ठेवू गो?"

रमजान चार दिवसांवर आला होता. फिजाची अम्मी, हाजरा, दरवर्षी घरापुरते समोसे करायची. यंदा मात्र तिच्या पेणच्या मावसबहिणीने, रुखसारखालाने, दोनशे खिम्याचे समोसे मागवले होते. कच्चे, गोठवलेले, उद्या दुपारी पोचवायचे. बाहेरून आलेली ही अम्मीची आयुष्यातली पहिली ऑर्डर. दोन दिवस ती घरात गुणगुणत फिरत होती. समोशाच्या पट्ट्या भाजून झाल्या होत्या, खिमा परतून झाला होता. पण समोसे गोठलेच नाहीत, तर रोह्याहून पेणला खड्ड्यांतून जाईस्तोवर त्यांचा लगदाच व्हायचा.

अम्मीने फोन उचलला. "रुखसारला नाय सांगते. आपल्याला नाय जमायचं हे."

"फोन ठेव खाली!" फिजा ओरडली. गेल्या महिन्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माइकवर बोलल्यापासून तिचा आवाज जो चढला होता, तो अजून उतरला नव्हता. "मला मगरिबपर्यंत, दिवस मावळेस्तोवर वेळ दे. तोवर समोसे भर तू."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"नववीत हाय मी!"

"मग काय, इंजिनेरच झालीस," अम्मी म्हणाली. पण फोन ठेवला.

तेवढ्यात मुरादमामू आला. मामूची तीनचाकी मिनीडोर होती, उद्याचे समोसे त्याच्याच गाडीतून जायचे होते. त्याने बर्फ बघितला आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "सर बाजूला. दोन टोले हाणतो, बर्फ खलास!"

फिजा फ्रिजसमोर हात पसरून उभी राहिली. "मामू, तुमच्या फ्रिजला असेच दोन टोले हाणलेत ना?"

"मग?"

"आता त्यात चपला ठेवता तुम्ही."

अम्मीला इतकं हसू आलं की तिच्या हातातली पट्टी फाटली. खरंच होतं ते. मामूने बर्फ फोडताना आतली नळी फोडली होती, सगळा गॅस फुस्सकन निघून गेला होता. मामूने गुपचूप स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

फिजाने प्लग काढला. मटणाची पिशवी सुटेना, म्हणून तिच्यावर कोमट पाण्याचा फडका दाबून धरला, तेव्हा कुठे ती निघाली. पिशवी घेऊन ती शेजारच्या गिरजाकाकीच्या दारात गेली आणि तिथेच अडखळली. शनिवार होता. काकी शनिवार पाळायची.

"काकी, मटण हाय. संध्याकाळपर्यंत ठेवाल? नाय म्हणालात तरी चालेल."

काकीने पिशवीकडे बघितलं. "शनिवार माझा हाय, फ्रिजचा नाय. दुसऱ्या पिशवीत घाल नि खालच्या कोपऱ्यात ठेव जा."

मग फिजाने फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, खाली जुन्या चादरी पसरल्या, समोर टेबलफॅन लावला. थेंब पडू लागले. टप. टप. मग एकदम धाडकन एक लादी सुटली! मामू दचकून पाटावरून उठला. तीन वेळा पाणी बदललं, दोन बादल्या बर्फ निघाला, आणि साडेतीनला फ्रीझरची चकचकीत भिंत दिसली.

पण फिजाला चैन पडेना. पंधरा दिवसांत एवढा बर्फ येतोच कसा? तिने वहीचा कागद फ्रिजच्या दाराच्या रबरात धरला, दार लावलं आणि कागद ओढला. बाजूला घट्ट. खाली घट्ट. वरच्या कडेला मात्र अलगद बाहेर!

तिथे दारात झालर अडकत होती. फ्रिजवरच्या मखमली कव्हरची सोनेरी झालर. ते कव्हर अब्बांनी, अर्शदनी, कुवेतहून पाठवलं होतं. फ्रिज कव्हराशिवाय दिसला तर अम्मीला लाज वाटायची.

"ह्या फटीतून दमट हवा आत जाते, तिचाच बर्फ होतो," फिजा म्हणाली आणि कव्हर ओढायला गेली. अम्मीने तिच्या हातावर चापटी मारली.

"हात नको लावू. त्यांनी मोठ्या हौसेने पाठवलंय."

फिजाने हात मागे घेतला. हे तिला फार कमी वेळा जमायचं. अम्मीने परातीकडे बघितलं. ओळीने मांडलेले समोसे, एकसारख्या कोनांचे, एकही फुटलेला नाही. मग तिने पीठ झटकून हात पुसले, कव्हर स्वतः उचललं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. "त्यांना सांगेन मी," एवढंच म्हणाली.

प्लग लावला. मगरिबच्या अजानला ताटं आत सरकली. फिजाने दार लावून पुन्हा कागद ओढला. फाटला, पण हलला नाही!

रविवारी सकाळी समोसे एकमेकांवर आपटले की खडखड वाजत होते. फक्त सगळ्यात वरचं ताट, चाळीस समोसे, अजून मऊ होतं. फिजाचं तोंड पडलं. अम्मीने फोन घेतला. झालं, फिजाला वाटलं, आता ही माफी मागणार.

"रुखसार, एकशेसाठ आज येतायत. चाळीस मंगळवारी. आणि ऐक, पुढल्या खेपेला चार दिवस आधी सांगायचं. एका दिवसात एवढे गोठत नायत."

फिजा बघतच राहिली. हा आवाज तिने घरात कधी ऐकलाच नव्हता.

मामूने समोसे नि बर्फ भरलेला थर्माकोलचा खोका गाडीत चढवला. अम्मी बुरखा नीट करून त्याच्या शेजारी बसली.

"तू पण जातेस?" फिजाने विचारलं. "थांब, मी पण येते!"

"तू कशाला? ते चाळीस बघ," अम्मी म्हणाली. "आणि दार सारखं उघडू नको."