चौथी चौकट

मित्रांनो, अमरावतीच्या राजापेठेतल्या एका छोट्या कचेरीत टांगलेला मी एक जुना पांढरा फळा आहे. माझी कड ॲल्युमिनियमची, पाठ प्लायवुडची आणि स्वभाव भित्रा. फळ्याला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या अंगावर लोक जे काढतात ते मला पाहावंच लागतं, आणि पुसलं तरी ते माझ्या मनातून जात नाही.

बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झालो. मोबाइलची ॲप बनवणाऱ्या शेखर सरांनी मला विकत आणलं. त्यांच्याकडे काम पंधरवड्या-पंधरवड्यानं चाले. थोडं करायचं, दाखवायचं, चुकलं ते पुढच्या पंधरवड्यात सुधारायचं. या रीतीला ते ‘अजाइल’ म्हणत. सुरुवातीला माझ्यावर नुसत्या कामांच्या चिठ्ठ्या चिकटत. मग स्वराली आली. वकिलाच्या घरची मुलगी, पण चित्रांत रमणारी. ती म्हणाली, आधी ॲप वापरणाऱ्या माणसाची गोष्ट चित्रांत काढू, मग काम वाटून घेऊ. तिनं माझ्यावर ओळीनं चौकटी आखल्या. त्याला सगळे ‘स्टोरीबोर्ड’ म्हणू लागले. कागदावर न दिसणाऱ्या चुका चित्रात लगेच दिसायच्या. येणारेजाणारे माझं कौतुक करायचे आणि मी ताठ व्हायचो.

मग सर्पदंशाचं काम आलं. शेतात साप चावला तर ॲपवरून गाडी बोलावता यावी, असं ते काम होतं. पहिल्या चौकटीत स्वरालीनं झेंडूच्या वावरात एक बाई काढली. दुसरीत साप. तिसरीत बाईनं घाबरून धरलेला हात. पाचवीत येणारी गाडी. चौथी चौकट मात्र रिकामी ठेवून तिनं विचारलं, ‘‘या चौकटीत ती नेमकं काय करते, सर?’’

शेखर सरांना तारीख गाठायची होती. काम देणाऱ्या संस्थेला किती लोकांनी नाव नोंदवलं तो आकडा हवा होता. चित्रं पुढच्या पंधरवड्यात पाहू, असं म्हणून शेखर सरांनी मला पुसलं आणि कपाटामागे तोंड भिंतीकडे करून उभं केलं.

त्या अंधारात मला ती बाई दिसत राहिली. सापाला पाहिल्यापासून गाडी येईपर्यंत ती एकटीच उभी होती. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण फळ्याला तोंड नसतं. धूळ चढत गेली आणि माझी भीती वाढत गेली.

ॲप तयार झालं. चाचणीसाठी ते काही गावांत दिलं. आमच्याकडे काम करणारा सागर अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडचा. त्याचे आईवडील, पार्बताबाई आणि गोवर्धन, तिथे फुलं पिकवतात. सागरनं मोठ्या हौसेनं ॲप वडिलांच्या फोनमध्ये टाकून दिलं.

एका दुपारी सागरचा फोन वाजला. तो गावातल्या शेजारच्या डोमाजींचा होता, हे मला मागाहून कळलं. सागर जे पुटपुटला तेवढंच मला कपाटामागे ऐकू आलं, ‘‘मायले घोणस चावली.’’ खुर्ची पडल्याचा आवाज झाला. शेखर सर त्याला घेऊन तसेच धावले. स्वराली एकटीच उरली. ती येरझाऱ्या घालत होती, आणि तिच्या चपलांचा आवाज ऐकत मी थिजून गेलो होतो. माझ्या अंगावरची बाई खरी झाली होती.

डोमाजींनी पार्बताबाईंना मोटरसायकलवर तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्यांना अकोल्याला हलवलं. उशीर झाला होता. हात खांद्यापर्यंत सुजला होता. कित्येक दिवस फोन वाजला की सगळे दचकत, मीही दचके. शेवटी एकदा स्वरालीचा रडवेला आवाज आला, ‘‘धोका टळला.’’ पार्बताबाई वाचल्या होत्या, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली.

सागर परत आला तो थेट कपाटामागे. त्यानं मला बाहेर ओढलं, आपल्या गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसलं आणि चौकटी आखल्या. या वेळी वावरातल्या बाईला त्याच्या आईचा चेहरा होता. चौथ्या चौकटीपाशी त्याचा हात थांबला. त्यानं वडिलांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

‘‘बाबा, सापानं चावल्यावर तुमी काय केलं?’’

गोवर्धन म्हणाले, ‘‘ती म्हणे, पोराचं ॲप उघडा. मी उघडलं. ते नाव पुसे, वय पुसे, तालुका पुसे. मी लिहून राहिलो होतो. तिचं नाव टाकू का माह्यं, हेच समजेना. मंग ओटीपी येईना. ती बाजूले विव्हळून राहिली होती आन् मी वाट पाहून राहिलो होतो. पोरानं केलं हाये, म्हटलं, गाडी येईनच.’’

सागरनं चौथी चौकट काढली. बांधावर बसलेला, फोनमध्ये डोकं घातलेला बाप, आणि शेजारी कलंडलेली माय. मग तो खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. शेखर सर उठले. त्यांनी पेन घेतलं, चित्राखाली नोंदणीच्या सगळ्या पायऱ्या लिहिल्या आणि एकेक करून खोडल्या.

पुढचे दोन पंधरवडे काम माझ्यापासूनच सुरू झालं. आता ॲप उघडताच एकच मोठं लाल बटण येतं. नावगाव काही विचारत नाही. इंटरनेट नसलं तर त्याच बटणानं साधा फोन जोडला जातो, आणि गाडी येईस्तोवर एक आवाज सोबत करतो.

तो आवाज भरायला पार्बताबाई स्वतः अमरावतीला आल्या. हाताला अजून पट्टी होती. फोन समोर धरला की त्या पहिल्याच शब्दाला अडकत. स्वरालीनं थांबू या म्हटलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. हात धरून एकट्या उभ्या असलेल्या त्या चित्रातल्या बाईजवळ त्या आल्या आणि तिच्याशीच बोलल्या, ‘‘घाबरू नोको, बाई. हात हालवू नोको. जखम कोनाले कापू देऊ नोको. गाडी येऊन राहिली. मी हाये तुह्यापाशी.’’

आवाज जराही कापला नाही.

मित्रांनो, मी आजही भित्राच आहे. पण तुम्ही उद्या काहीही बनवाल, तेव्हा ते घाईत वापरणाऱ्या, घाबरलेल्या माणसाला आधी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या शेजारी थोडा वेळ उभे राहा. आणि मगच कामाला हात घाला.