ओढा माझ्या पायाशी आला तेव्हा

या, सावलीत या. बोलतोय तो मी, ओढ्याकाठचा म्हातारा वृक्ष. वय विचारू नका. तीनशेनंतर मी मोजणं सोडून दिलं.

पूर्वी ओढा माझ्यापासून वीस पावलं लांबून, रमतगमत, वळणं घेत जायचा. पण पावसाळ्यात तो पलीकडच्या दवाखान्यात शिरायचा. रुग्ण खाटेवर आणि डॉक्टर गुडघाभर पाण्यात. म्हणून इंजिनीयरबाईंनी वळणं काढून त्याला माझ्या बाजूनं सरळ चर खोदून दिला. दवाखाना कोरडा राहिला. सगळ्यांनी बाईंचं कौतुक केलं, मीही पानं हलवली.

सरळ वाट मिळाल्यावर पाणी मात्र धावतच सुटलं आणि थेट माझ्या काठावर आदळू लागलं. दोन पावसाळ्यांत पायाखालची माती गेली, मुळं उघडी पडली. या वयात चारचौघांत असं उघडं पडायचं म्हणजे लाज वाटते हो.

माझ्या सावलीत पंक्चर काढणाऱ्या सायकलवाल्या मामांचा पाना एके सकाळी निसटून मुळांखाली गडप झाला. ते वाकून बघतात तर आत माणूस बसेल एवढी पोकळी. मामा तडक बाईंच्या कचेरीत गेले.

बाई आल्या, सोबत मुकादम. तो म्हणाला, "झुकलंय. रस्त्यावर पडायच्या आत तोडलेलं बरं."

माझी दोन पानं तिथंच गळाली.

बाई काठ उतरून खाली गेल्या, पोकळीत हात घालून मुळं चाचपली. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. पाणी कुठं जाईल ते पाहिलं, किती जोरात जाईल ते पाहिलं नाही."

"मग आता?" मामांनी विचारलं.

"दवाखाना सांभाळून ओढ्याला पुन्हा वळण देऊ. मामा, पाणी आधी कुठं रेंगाळायचं ते दाखवाल?"

मामांनी दुकान बंद ठेवून दिवसभर दाखवलं.

वळण परत आलं. काठाला मोठाले दगड बसले, पोकळीत माती भरली. भार कमी करायला माझी एक जुनी फांदी मात्र कापावी लागली. तिची आठवण येते. पुढच्या पावसाळ्यात पाणी वळणावर दमलं आणि गुमान पुढे गेलं. डॉक्टरांचे बूटही कोरडे.

आता नव्या मातीत माझी कोवळी मुळं उतरलीत. बाई दर महिन्याला येऊन माझा कल मोजतात आणि म्हणतात, "बोटभरही हलला नाहीत आजोबा, शाब्बास."

जागचं न हलल्याबद्दल शाबासकी मिळायला मला तीनशे वर्षं लागली. तुम्ही मात्र पाणी वळवायच्या आधी काठावर बसणाऱ्याला एकदा विचारा. आणि बसा निवांत, मी कुठं जात नाही.