मलोन की डंकन

मेहुण्याने पलंगाच्या पायथ्याशी वाकून दांडा फिरवला आणि दाजींची पाठ हळूहळू वर आणली. दाजींचे पाय नेहमीसारखे गादीबाहेर आले होते. एवढ्या उंच माणसाच्या मापाचा पलंग इस्पितळात नव्हताच. पूर्वी या पायांची सगळे चेष्टा करायचे. आता नुसत्या नडग्या उरल्या होत्या. मेहुण्याने चादर ओढून त्या झाकल्या.

"बस झालं," दाजी म्हणाले. "आता बोल. मलोन की डंकन?"

प्रश्न जुनाच. दोघे एकाच कारखान्यात, दाजी क्रेनवर आणि मेहुणा फिटर. कारखान्याच्या बास्केटबॉल संघात दाजी पॉवर फॉरवर्ड, म्हणजे बास्केटखाली कोपरं खात नि देत चेंडू ओढणारा गडी, आणि मेहुणा त्यांना चेंडू पुरवणारा. जगातला सर्वांत मोठा पॉवर फॉरवर्ड कोण, यावरून दोघांनी ताईच्या लग्नातसुद्धा एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. दाजींचा मलोन, मेहुण्याचा डंकन, दोघेही अमेरिकेतले नावाजलेले खेळाडू. बार्कली, गार्नेट ही नावं नुसती तोंडी लावायला. एकदा तर याच कारणावरून अबोला धरला होता, आणि तो सुटला तोही याच वादाने. माघार मात्र आजवर कुणीच घेतली नव्हती. ऐकून ऐकून ताईचे कान किटले होते.

आज त्याच ताईने त्याला व्हरांड्यात अडवलं होतं. आता औषधांनी काही होणार नाही, घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू, असं डॉक्टर सकाळी म्हणाले होते. दाजींना मात्र सांगितलं होतं, की ताप उतरला म्हणून सोडताहेत.

"त्यांना ताकास तूर लागू देऊ नकोस," ताई म्हणाली होती. "कळलं तर अन्नाला शिवणार नाहीत, मला ठाऊक आहे. नेहमीसारखा भांड. मी औषधं घेऊन येते."

नेहमीसारखा भांड! सांगायला काय जातंय.

"मलोनला एकही विजेतेपद नाही," मेहुणा म्हणाला. "फायनलला जायचा नि हात हलवत परत यायचा. डंकनकडे पाच आहेत."

"विजेतेपद संघाचं असतं. आणि तुझा डंकन मुळात सेंटर, ती जागाच वेगळी. पॉवर फॉरवर्ड नुसता नावाला. त्याला यात धरला कुणी?"

एवढं बोलून दाजींना धाप लागली. ते उशीला टेकले, पण डोळे मेहुण्यावरच रोखलेले होते, मैदानात चेंडू मागताना रोखायचे तसे. याचं उत्तर मेहुण्याला झोपेतही पाठ होतं. तोंडापर्यंत आलंही. पण दाजींच्या हाडकुळ्या गळ्याकडे बघून त्याला गलबलून आलं. या माणसाला आता हरवून आपण काय मिळवणार?

"खरं आहे तुमचं, दाजी," तो म्हणाला. "विचार केला तर... मलोनच मोठा."

दाजी हसतील, टाळी मागतील, असं त्याला वाटलं होतं. पण दाजींनी तोंड खिडकीकडे वळवलं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ताप उतरलाय, म्हणून..."

"पुरे. किती दिवस म्हणाले?"

आपण काय करून बसलो हे मेहुण्याला कळलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"दाजी, मी आपलं सहज म्हटलं."

"सहज मानणारा तू नव्हेस." दाजींनी डोळे मिटले. "तिला ठाऊक आहे?"

मेहुण्याने मान डोलावली. मग दाजींचे डोळे मिटलेले आहेत हे ध्यानात येऊन तो कसाबसा "हो" म्हणाला.

दाजींच्या पापणीतून पाणी ओघळून कानाकडे गेलं. पुसायला त्यांनी हात उचलला, पण तो अर्ध्यातूनच चादरीवर पडला. मग मेहुण्याने पुसलं. इतक्या वर्षांत त्याने दाजींच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. खेळताना कोपर लागलं असेल तेवढंच.

"तिला कळू देऊ नकोस," दाजी पुटपुटले. "मला कळलंय ते."

व्हरांड्यात चपला वाजल्या. ताई औषधांची पिशवी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे.

"काय झालं? गप्प का दोघं?"

"काय व्हायचंय!" दाजींचा आवाज एकदम चढला. "तुझा भाऊ ठोंब्या आहे. मी मघापासून डोकंफोड करतोय, पण डंकनला सोडायला तयार नाही."

ताईचे खांदे सैल झाले. "भांडा, भांडा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बाटल्या फळीवर मांडू लागली.

"बोल की रे," दाजी म्हणाले. त्यांचा हात आता मेहुण्याच्या मनगटावर होता. "पाच विजेतेपदं म्हणत होतास ना?"

"पाच," मेहुणा म्हणाला. "तुमच्या मलोनकडे एक तरी आहे का?"