पाखऱ्याचे मागचे पाय

"मागं जाऊ नगंस! ए पोरी, म्होरनं ये, म्होरनं! घोड्याच्या मागं कुणी उभं ऱ्हातंय व्हय?"

आबांचा, तिच्या वडिलांचा, हा आवाज क्रांतीच्या कानात बसला तेव्हा ती परकरात होती. आता आबांना जाऊन वर्ष होत आलं, पण आवाज आहे तिथंच. रस्त्यात वरातीचा घोडा दिसला तरी तिचे पाय आपोआप वळसा घेत आणि ती त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राही.

कागलच्या अलीकडं त्यांचं गाव. आबांची शर्यतीची गाडी होती, घोडा-बैलाची. एकाच जुवाला एका अंगाला हरण्या बैल, दुसऱ्या अंगाला पाखऱ्या घोडा. हरण्या घरातल्या पोरासारखा. क्रांती त्याच्या पोटाखालून आरपार जायची, बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याची शिंगं रंगवायची, कमरेमागच्या पुठ्ठ्यावर गेरूचे पंजे उठवायची. पाखऱ्या मात्र तोंडाकडूनच. कपाळावरची चांदणी कुरवाळायची, गूळ चारायचा, आणि बास. बैल तिच्या हातांना अख्खा ठाऊक झाला. घोडा अर्धाच राहिला.

अर्धाच राहिला, हे तिला कळलं ते यंदा.

शहरात, शिवाजी पेठेत, एका फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाइन करते. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. घोडे तर तिनं शेकड्यानं चिकटवले असतील, उधळलेले, फेसाळलेले, नेटावरून उचललेले. एकाच्याही पायाकडं कधी बघितलं नव्हतं. मग आबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं आणि चुलतभाऊ धैर्यशीलनं भावकीच्या वतीनं फर्मान काढलं. गावच्या चौकात मोठा फ्लेक्स लावायचा, त्यावर काका गाडीत उभे, म्होरं पाखऱ्या नि हरण्या, गाडी सुसाट.

"फोटो कुठाय पळत्या गाडीचा?" क्रांतीनं विचारलं.

"न्हाय की. तू चितारीण हायस न्हवं? काढ."

घरात फोटो होता तो एकच. आबा फेटा बांधून उभे, शेजारी हार घातलेलं पाखऱ्याचं तोंड. छातीच्या मागं घोडा कापलेला.

तिनं काढलं. आबा चांगले उतरले, हरण्या तर जिवंत झाला. धैर्यशीलनं कागद हातभर लांब धरला आणि मान तिरकी केली.

"तायडे, ह्यो घोडा दूध किती देतो गं?"

"म्हंजे?"

"म्हंजे म्होरनं घोडा हाय, मागनं गाय. आता बसून रवंथ करंल बघ. नेटावरचा टाक की एखादा, कोण बघतंय?"

"सगळं गाव बघतंय. माणसाचं नाक चुकलं तर चालतंय आपल्याकडं, जनावराचा पाय चुकला तर वर्षभर बोलतील. आबांच्या फ्लेक्सखाली उभं राहून हसतील लोकं, धैऱ्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला."

ते हसू तिला आत्तापासूनच ऐकू येत होतं. तिचं बूड कुठं ठरेना. जेवताना पेन्सिल, बसमध्ये पेन्सिल, दुकानात गिऱ्हाइकाच्या पावतीमागं पेन्सिल. पुढचे पाय जमत. मागचे आले की हात आपल्या मनानं बैलाकडं वळे, कमरेची दोन हाडं खुंट्यांसारखी वर येत आणि खूर दुभंगे. खोडरबरानं कागदाला भोक पडलं, की नवा कागद.

मग ती हाडांपासून शिकायला लागली. मोबाइलवर सांगाडे बघून बघून डोळे चुरचुरले. मागच्या पायात जो उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो गुडघाच नव्हे, ती टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या कुशीत लपलेला. आणि टाप म्हणजे पाऊल नव्हे, एका बोटाचं नख. म्हणजे एवढं धूड जन्मभर चार नखांवर पळतं! हे कळल्यावर तिला कसंसंच झालं. ती दुकानाच्या जिन्यावर टाचा उचलून, बोटांवर भार देऊन चढून बघू लागली. पोटऱ्या भरून आल्या.

"पायाला काय झालंय?" मालकानं विचारलं.

"घोडा झालाय," ती म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

पण हाडं कळली म्हणून घोडा कळत नाही. हाडांवर मांस चढवायचं, मांसावर कातडं ताणायचं, आणि ते पाखऱ्याचं हवं. तिनं गावी फोन लावला.

"आई, पाखऱ्या मागनं कसा दिसायचा गं?"

शालूबाई म्हणाल्या, "घोड्यासारखा."

"नीट सांग की. पुठ्ठा भरलेला व्हता का उतरता? रंग तिथं गडद व्हता का?"

पलीकडं भांडं घासल्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "किती वरसं झाली. मला न्हाय आठवत."

हे खोटं असणार, एवढं क्रांतीला कळत होतं. जात्यावरची गाणी बंद झाल्यावरही शालूबाई शेण सारवताना, शेंगा फोडताना ओव्या जुळवत आणि त्यांतल्या दोन पाखऱ्याच्या होत्या:

*पाखऱ्या घोड्याच्या कपाळी गं चांदणी,*
*उगवला चांद जणू माझ्या अंगणी.*
*पाखऱ्या घोड्याची मान गं कमानी,*
*दारी उभा ऱ्हाता झोपडी राजधानी.*

कपाळ झालं, मान झाली. पाठ, शेपूट कधी यायची नाही. लहानपणी क्रांती हट्ट करायची, पुढं म्हण, पुढं म्हण. शालूबाई दुसऱ्याच कशाची तरी ओवी धरायच्या.

आईकडून काही निघेना, तेव्हा ती रंकाळ्यावर, तळ्याकाठी, जायला लागली. तिथं पोरांना फेरी मारणारे घोडे असतात, झिरमिळ्या लावलेले. दुकान सुटलं की ती वही घेऊन हजर. पहिल्या संध्याकाळी तोंडं काढली, दुसऱ्या संध्याकाळी छात्या. घोडा वळला की तीही वळायची, पुढनं पुढनंच.

घोडेवाला बघत होता. "ताई, तुम्ही घोडा काढताय का त्याच्याबरोबर फुगडी घालताय?"

"मला मागचे पाय काढायचेत."

"मग मागं जावा की!"

"लाथ मारंल."

"ह्यो? ह्याला माशी हाकायचा कंटाळा हाय, लाथ कवा मारायचा?"

ती निघाली. घोड्याच्या पोटापर्यंत आली, आणि कानात आवाज. ती परत फिरली, कठड्यावर बसली, उठली, पाणी प्याली, पुन्हा गेली. पुन्हा परतली. आपल्याला हसू येतंय की रडू, तेही तिला ठरवता येईना. शेवटी तिनं घोड्याच्या अंगावर तळहात टेकवला आणि तो न उचलता, खांद्यापासून पाठीवरून, कमरेवरून, त्या उबेच्या दोरीला धरून, ती मागं गेली.

घोड्यानं शेपूट वर केली आणि लीद टाकली. घोडेवाला खदखदून हसला. "घ्या, पावती मिळाली!"

क्रांती दोन पावलं सरकली, वही उघडली. पुठ्ठा गोल होता, मधोमध घळ, बैलासारख्या खुंट्या कुठंच नाहीत. घोड्यानं भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला आणि कातड्याखाली मांडीचं मांस पाण्यासारखं हललं. तिनं काढलं, पान उलटलं, काढलं. दिवे लागेपर्यंत ती तिथंच, मागं.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती चित्र घेऊन गावी गेली. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स छापायला टाकायचा होता. शालूबाई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. क्रांतीनं कागद त्यांच्यासमोर चटईवर पसरला आणि पेन्सिल हातातल्या हातात फिरवत उभी राहिली. बसायचं तिच्यानं होईना.

धैर्यशील आधीच टपकला होता. तो वाकला, गुडघ्यावर बसला. त्याची थट्टा कुठं गेली कुणास ठाऊक.

"आयला," तो हळू म्हणाला. "ह्यो पाखऱ्या हाय. काकी, बघितलासा? पळतोय ह्यो!"

गाडीत आबा उभे होते, एक हात कासऱ्याला, दुसरा उंचावलेला, त्यात काठी. हरण्या मान खाली घालून. आणि पाखऱ्या मागच्या दोन पायांवर सगळा जीव एकवटून झेपावत होता, टाच वळलेली, मांडी तटतटलेली, पुठ्ठा तुकतुकीत.

शालूबाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.

"चुकलंय का?" क्रांतीनं विचारलं. "आई, बोल की. हाडं मी दहादा तपासलीत."

"हाडं बरोबर हायत."

"मग?"

"धैर्यशील, जरा म्हशीला पाणी दाखवून ये, बाबा."

तो गेला. शालूबाईंनी पदराला हात पुसले, टरफलांची धूळ झटकली आणि पंजा पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर, कागदावर, अलगद टेकवला. जसं काही तिथं दुखेल.

"हितं कातडं नसायचं गं."

क्रांतीला कळलं नाही.

"शर्यतीच्या दिवसांत. हितं, आणि हितं. त्या काठीच्या टोकाला खिळा असायचा. सगळेच लावायचे, तुझा बापबी लावायचा. नंबर आला की गुलाल घेऊन घोड्याच्या गळ्यात पडायचा, रडायचा, लेकरू म्हणायचा त्याला. खोटं न्हवतं तेबी. मी गोठ्यात जाऊन हळद नि तेल भरायची. पाखऱ्या हलायचा न्हाय. कातडं नुसतं थरथरायचं, आत्ता तू काढलंयस तसंच."

क्रांती खाली बसली. पेन्सिल चटईवर पडली.

"आता फ्लेक्सवर काय लावायचं ते तू बघ, मी काय सांगत न्हाय," शालूबाई म्हणाल्या. त्यांचं बोट घोड्यावरून निघालं, गाडीवर चढलं, आबांच्या उंचावलेल्या हातापाशी थांबलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण समोर माणूस बसलाय आणि त्याला ऐकवायचंय, तशा त्या चित्राकडं बघून बोलल्या.

"एवढा संसार झाला, तुम्हाला एका शब्दानं म्हटलं न्हाय मी. आज म्हणते. बरं न्हवतं ते. अजिबात बरं न्हवतं."